हिवाळी सत्रासाठी जर्मनीत जाताना

एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून जर्मनीत एक सत्र काढायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा थंडीची होते. जॅकेट कुठून घ्यायचं, पारा उणे किती जातो, अंघोळीला गरम पाणी मिळेल ना. काळजी रास्त आहे, पण थंडी हा त्या सहा महिन्यांतला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे मोजले की तिच्यावर उपाय मिळतो. त्याहून अवघड गोष्टी दोन. एक, आपलं आणि त्यांचं शैक्षणिक वर्ष एकमेकांत बसत नाही. दुसरी, नोव्हेंबर सरता सरता दुपारी चारलाच अंधारून येतं आणि माणसं घरात जातात. पहिलीची व्यवस्था निघण्याच्या चार-पाच महिने आधी लावावी लागते, दुसरीची पोहोचल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत. या दोन मुदती पाळल्या तर बाकीचं निभावून नेता येतं, म्हणून हा लेख बराचसा त्यांच्याविषयीच आहे.

आधी वेळापत्रक. जर्मन विद्यापीठांचं विंटरसेमेस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. तास प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, नाताळात दोनेक आठवडे थांबतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतात. परीक्षा त्यानंतर, काही विषयांच्या तर मार्चमध्येसुद्धा. फाखहोखशूले, म्हणजे उपयोजित शिक्षणावर भर देणाऱ्या संस्था, बऱ्याच राज्यांत महिनाभर आधी, १ सप्टेंबरलाच सत्र सुरू करतात आणि त्यांच्या परीक्षाही लवकर आटोपतात.

आता हे आपल्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झालेलं आपलं सत्र ऑक्टोबरात ऐन भरात असतं. जानेवारीत पुढचं सत्र सुरू होतं, तेव्हा तुमची तिकडची परीक्षा अजून व्हायची असते. जायचं एका सत्रासाठी, पण धक्का दोन सत्रांना लागतो. ज्यांनी हे आधी पाहिलेलं नसतं, त्यांना जानेवारीत कॉलेजातून मेल येते की हजेरी भरत नाही, आणि मग फेब्रुवारीची परीक्षा सोडून परतायचं की इकडचं सत्र गमवायचं, असा पेच पडतो.

यातून वाटा आहेत, पण त्या एप्रिल-मेमध्येच शोधायला हव्यात. शेवटच्या वर्षाचं सम सत्र प्रकल्पाचं असेल, तर परतायला मार्च उजाडला तरी फारसं बिघडत नाही. तेव्हा प्रकल्पाचा विषय आणि मार्गदर्शक निघण्यापूर्वी ठरवून जा. विषय निवडताना परीक्षेचा प्रकार पाहा. काही विषयांत लेखी परीक्षेऐवजी रेफेराट, म्हणजे वर्गातलं सादरीकरण, आणि हाउसआर्बाइट, म्हणजे दीर्घ निबंध असतो. निबंध भारतात परतूनही पाठवता येऊ शकतो. लेखी परीक्षाच असेल, तर एक्स्चेंज विद्यार्थ्यासाठी ती लवकर, बहुधा तोंडी घेता येईल का, हे प्राध्यापकांना विचारायला हरकत नाही. असं विचारणं तिथे उद्धटपणाचं मानत नाहीत. फक्त ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या तासानंतर विचारावं. जानेवारीत विचारणाऱ्याला नकार मिळतो आणि तो योग्यच असतो.

श्रेयांकांचा हिशेबही निघण्यापूर्वी लेखी व्हायला हवा. तिकडे पूर्ण सत्राचा भार ३० ईसीटीएस धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो, वर्गातले तास धरून. परक्या देशात, परक्या पद्धतीत पहिल्याच सत्रात ३० श्रेयांक उचलू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या विभागाला किती हवेत ते विचारा, तेवढे घ्या आणि एखादा विषय केवळ आवडीचा ठेवा. लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे घ्यायच्या विषयांच्या करारावर, तिकडच्या आणि इकडच्या समन्वयकांच्या सह्या होतात, पण तेवढ्यावर थांबू नका. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, आणि गुण कसे बदलले जातील, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. ही उलटी उतरंड आपल्या परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, असं गृहीत धरू नये.

पैसे आणि कागद

दोन विद्यापीठांत करार असेल तर शिकवणीशुल्क तिकडे भरावं लागत नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, पण करारातून आलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळते. भरावा लागतो तो सत्राचा वर्गणीवजा आकार. त्यात अनेक ठिकाणी प्रवासाचं सेमेस्टरतिकीट अंतर्भूत असतं. ते देशभर चालणारं असेल तर स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे यांचा खर्च मिटला. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत मात्र ते चालत नाही.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेलं खातं, दाखवावं लागतं. सध्याचा आकडा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांसाठी ५,९५२ युरो झाले. हा आकडा अधूनमधून वाढतो, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात तो जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. शिष्यवृत्ती असेल तर तिची रक्कम यात धरली जाते. एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. या खात्यातले पैसे मुलगा किंवा मुलगी तिथे उतरताच हातात पडत नाहीत. पत्त्याची नोंद, तिथलं बँक खातं आणि मग रक्कम मोकळी होणं, यात काही आठवडे सहज जातात. त्याच दिवसांत घराची अनामत भरायची असते आणि पातेल्यापासून पांघरुणापर्यंत सगळं विकत घ्यायचं असतं. महिना-दीड महिन्याच्या खर्चाची वेगळी तजवीज फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोख अशी करूनच निघावं.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी जून ते सप्टेंबर या काळात झुंबड असते, कारण पदवीसाठी कायमचे जाणारे विद्यार्थीही तेव्हाच रांगेत असतात. प्रवेशपत्र हाती आलं त्याच दिवशी तारीख शोधायला लागा. अर्जात परतीची तारीख शेवटच्या संभाव्य परीक्षेच्या पुढे दोन-तीन आठवडे धरा. व्हिसा फेब्रुवारीअखेर संपतो आणि परीक्षा मार्चमध्ये आहे, अशी वेळ आली तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात मुदतवाढीसाठी तारीख मिळवण्यात अभ्यासाचे दिवस जातात.

विम्याबाबत काटकसर नको. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्यविमा सवलतीत मिळतो. महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो, पण त्यात डॉक्टरकडे गेल्यावर खिशात हात घालावा लागत नाही. हा विमा लागू होण्याआधी तुम्ही पोहोचणार असाल, तर मधल्या दिवसांसाठी प्रवासविमा घ्या.

घराचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. हिवाळी सत्रात तो उन्हाळी सत्रापेक्षा बिकट असतो, कारण तिथले बहुतेक अभ्यासक्रम ऑक्टोबरातच सुरू होतात आणि सारं गाव एकाच वेळी खोल्या शोधत असतं. श्टुडिएरेंडेनवेर्क या संस्थेच्या वसतिगृहासाठी, आपल्या कॉलेजकडून एक्स्चेंजसाठी नामांकन होताच अर्ज करा, अंतिम प्रवेशपत्राची वाट पाहू नका. तिथे जागा न मिळाल्यास आणखी एक वाट आहे, तिचा आपले विद्यार्थी फार कमी उपयोग करतात. तुम्ही जसे इकडून तिकडे जाताय, तसे तिकडचे शेकडो विद्यार्थीही त्याच सहा महिन्यांसाठी स्पेनला, फ्रान्सला जातात आणि आपली सजवलेली खोली पोटभाड्याने देतात. याला त्स्विशेनमीटे म्हणतात. पलंग, टेबल, दिवा, भांडी सगळं जागेवर असतं. मात्र व्हिडिओवर खोली आणि माणूस पाहिल्याशिवाय, करार वाचल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. आणि त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे आधी विचारा. ज्या घरात नोंदणी होत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी आपल्या कामाचं नाही.

पहिले तीन आठवडे

पोहोचायचा दिवस सोमवार ते बुधवार यांपैकी निवडा आणि सकाळी उतरेल असं विमान घ्या. वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्याकडे असते आणि तो ठरलेल्या वेळेतच भेटतो. शुक्रवारी रात्री पोहोचलात तर सोमवारपर्यंत दुसरीकडे पैसे मोजून राहावं लागतं. त्यात ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे आणि रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वेस्थानकांवरची काही दुकानं तेवढी उघडी मिळतात.

किल्ली मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं नाव लावणं. जर्मनीत अजून बरंच काही टपालाने येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो आणि पुढची सगळी साखळी अडते. यानंतर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि घरमालकाच्या सहीचं पत्र सोबत लागतं. मोठ्या शहरांत यासाठीच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून भारतातूनच ऑनलाइन तारीख घेऊन ठेवा.

नोंदणीनंतर काही दिवसांनी रेडिओ-दूरदर्शन आकाराचं पत्र येतं. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही, आम्ही पाहत नाही, हे उत्तर चालत नाही. ते पत्र फसवणुकीचं समजून टाकून देऊ नका, कारण थकबाकी साचत जाते. चौघांच्या सामायिक घरात एकानेच भरायचे असतात आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

ही कामं कंटाळवाणी असली तरी यादी करून उरकता येतात. ऑक्टोबरचं खरं काम वेगळं आहे: माणसं जोडणं. आपल्याकडचा विद्यार्थी स्वभावतः असं ठरवतो, की आधी अभ्यासाचा जम बसू दे, खोली लागू दे, मग ओळखी करू. हिवाळी सत्रात हा क्रम महागात पडतो. ऑक्टोबरात सगळेच नवे असतात. पहिल्या वर्षाचे जर्मन विद्यार्थी आपलं गाव सोडून आलेले असतात, युरोपभरातून एरास्मुस या एक्स्चेंज योजनेचे विद्यार्थी आलेले असतात, आणि कुणालाही 'तुझ्या शेजारी बसू का' असं विचारणं सोपं असतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गट पक्के होतात. त्यांना कुणी परकं नको असतं असं नाही. भेटीच्या वेळा ठरून जातात आणि ठरलेली वेळ ते सहसा बदलत नाहीत. न कळवता कुणाच्या घरी डोकावण्याची रीतही तिथे नाही.

म्हणून विद्यापीठाचा स्वागतसप्ताह एकही दिवस न चुकवता पूर्ण करा, विमानप्रवासाचा शीण असला तरी. बडी म्हणजे मदतनीस विद्यार्थी देण्याची सोय असेल तर नाव द्या. होखशूलश्पोर्ट या नावाने विद्यापीठं अगदी कमी पैशांत पोहणं, बॅडमिंटन, गिर्यारोहणाची भिंत, योग, नृत्य असे वर्ग चालवतात. त्यांची नोंदणी ऑक्टोबरात ठरावीक दिवशी, ठरावीक मिनिटाला ऑनलाइन उघडते आणि आवडते वर्ग काही मिनिटांत भरतात. ती तारीख पोहोचण्यापूर्वी टिपून ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्हाला घराबाहेर काढणारी अशी दुसरी सोय नाही. गाणं येत असेल तर विद्यापीठाच्या गायकवृंदाची चौकशी करा. अनेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला नव्यांना घेतात, डिसेंबरात किंवा सत्राअखेर कार्यक्रम होतो, आणि शंभर परकी माणसं दर आठवड्याला तुमची वाट पाहू लागतात.

मराठी माणसं भेटतीलच. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट अशा शहरांत मराठी मंडळं आहेत आणि दिवाळी नेमकी याच काळात येते. तिकडे जरूर जा. घरचा फराळ, नाटुकली, मुलांची गाणी यांनी मन भरून येतं, आणि तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या काका-काकूंकडून डॉक्टरपासून जुन्या सायकलीपर्यंत हरेक गोष्टीचा पत्ता मिळतो. माझं म्हणणं इतकंच आहे, की पहिले तीन आठवडे फक्त आपल्याच लोकांत घालवू नका. मंडळ डिसेंबरातही तुम्हाला सामावून घेईल. वर्गातला गट तेव्हा तितका सहज घेणार नाही.

वर्गातल्या गटात मिसळायला थोडी जर्मन हवी. शिकवणं इंग्रजीत असलं तरी हाउसमाइस्टर, डॉक्टरच्या दवाखान्यातली स्वागतिका, सरकारी पत्रं आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा जर्मनमध्येच चालतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. निघण्याआधी पाच-सहा महिने मिळत असतील तर ए-वन पातळी पुरी करून जा. चुकतमाकत बोलणाऱ्याशीही तिथली माणसं मोकळेपणाने वागतात.

अंधार

बर्लिन ५२ अक्षांशांच्याही उत्तरेला आहे, पुणे साडेअठरावर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो. म्युनिक दक्षिणेला असल्याने तिथे अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो, पण ढगाळ आभाळ दोन्हीकडे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि संध्याकाळ एका रात्रीत तासभर आधी येऊन ठेपते.

या बदलाचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. भारताशी वेळेचा फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. तिकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे अंधार पडून तास झालेला; त्या वेळी घरी रात्रीचे साडेनऊ, म्हणजे आई-बाबा जेवून निवांत बसलेले. दोघांनाही फोनला हीच वेळ सोयीची वाटते. मग रोज पाचला खोली बंद करून व्हिडिओ कॉल सुरू होतो, तो साडेसहाला संपतो, आणि खेळाचा वर्ग, गायनाची तालीम, मित्रांसोबतचा स्वयंपाक या सगळ्याची वेळ निघून जाते. मुलं एकटी पडतात, आणि एकटं वाटतं म्हणून आणखी लांब फोन करतात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की रोजच्या फोनची वेळ बदला. तिकडची दुपारची जेवणाची सुट्टी, दीडच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. तेव्हा दहा मिनिटं बोला. सविस्तर गप्पा शनिवार-रविवारी सकाळी. मुलांची संध्याकाळ तिथल्या माणसांसाठी मोकळी ठेवा.

उजेड मिळवावा लागतो, हे मनाशी धरून दिवस आखा. दुपारी बारा ते दोन या वेळात अर्धा तास उघड्यावर चाला, आभाळ कितीही भरलेलं असो. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तास दुपारनंतर आहेत म्हणून अकरापर्यंत झोपू नका, कारण तेवढ्यात एक तृतीयांश उजेड संपलेला असतो. ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरा.

'ड' जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवं. ऑक्टोबर ते मार्च या काळात जर्मनीतलं ऊन त्वचेत ते तयार होण्याइतकं प्रखर नसतं, असं तिथली सार्वजनिक आरोग्यसंस्था रोबेर्ट कोख इन्स्टिट्यूट सांगते. सावळ्या त्वचेला तर ते तयार करायला अधिक ऊन लागतं. आपल्याकडे उन्हात राहूनही अनेकांना कमतरता असतेच. निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या आणि गोळ्या घ्यायच्या का, किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

डिसेंबर-जानेवारीत थोडं मरगळल्यासारखं सगळ्यांनाच होतं, जर्मनांनासुद्धा. पण सलग दोन आठवडे अंथरुणातून उठवेना, जेवण बनवावंसं वाटेना, माणसं नकोशी झाली, तर ते अंगावर काढू नका. श्टुडिएरेंडेनवेर्कमध्ये विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, इंग्रजीत बोलता येतं आणि तिथलं बोलणं विद्यापीठाला किंवा घरी कळवलं जात नाही. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवाला धोका नसेल तर ११६११७ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

कपडे, खोली आणि चूल

कपड्यांबद्दल थोडक्यात. शहरांतला हिवाळा बहुतेक दिवस शून्य ते पाच अंशांत, ओला आणि वाऱ्याचा असतो. कोरडा बर्फ कमी, चिखल जास्त. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. घरात वीस अंश तापमान असतं, त्यामुळे सहज काढता येणारे थर बरे. आईने हौसेने विणलेला जाड स्वेटर एक न्या, तीन नकोत. थर्मल इथून घ्या. जॅकेट आणि बूट तिथे जाऊन घेतले तरी चालतात, ऑक्टोबरात अजून फार थंडी नसते. बुटांवर मात्र पैसे खर्च करा. पाणी न शिरणारे आणि तळाला चांगली पकड असलेलेच हवेत, कारण गोठलेल्या फरशीवर घसरून मनगट मोडणं ही तिथली नेहमीची दुखापत आहे.

खोलीतल्या रेडिएटरवर १ ते ५ आकडे असतात. तीनवर ठेवलं की साधारण वीस अंश होतात. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, बिल मात्र वाढतं. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडून हवा खेळवा. थंडी आत येईल म्हणून आपण खिडक्या गच्च बंद ठेवतो आणि स्वयंपाकाची, ओल्या कपड्यांची वाफ भिंतींवर बुरशी होऊन बसते. मग अनामत रक्कम कापली जाते. फोडणी देतानाही खिडकी उघडी आणि दार बंद ठेवा. धूरसूचक यंत्र मोहरी-हिंगाच्या धुराने वाजू शकतं, आणि इमारतीची यंत्रणा अग्निशमन दलाला जोडलेली असेल तर त्या फेरीचा खर्च तुमच्याकडे मागितला जाण्याची शक्यता असते.

खाऊ भरताना एक नियम ध्यानात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी बॅगेत नको. ताजी भाजी, कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, हिंग, चिंच, भाजणी आणि कोरडा फराळ न्या. तूप तिथल्या लोण्याचं उत्तम कढतं. क्वार्क नावाचा दह्यासारखा घट्ट पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो. तो फडक्यात बांधून पाणी काढलं आणि साखर, वेलची, केशर घातलं की सुरेख श्रीखंड होतं. मसुराची डाळ कुठेही मिळते. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात जेवा. तिथे शाकाहारी पदार्थ असतात, पोट स्वस्तात भरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोबत जेवायला माणसं मिळतात.

अभ्यास आणि नाताळ

आपल्याकडे अंतर्गत गुण, चाचण्या, हजेरी यांनी सत्र बांधलेलं असतं. तिकडे बऱ्याच विषयांत हजेरी नाही, चाचण्या नाहीत आणि शेवटच्या एका परीक्षेवर सगळे गुण. नोव्हेंबरभर कुणी काही विचारत नाही, आणि जानेवारीत चार महिन्यांचा अभ्यास एकदम समोर येतो. दर आठवड्याची स्वाध्यायपत्रिका त्याच आठवड्यात सोडवा, गुण असोत वा नसोत. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे 'सी.टी.' असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर काटेकोर वेळेवर.

सगळ्यात महत्त्वाचं: विषय घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं, असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान, आणि मुदत गेली की गेली. एक्स्चेंज विद्यार्थ्यांना ही नोंदणी संगणकप्रणालीत करायची की परीक्षा कार्यालयात अर्ज देऊन, हे विद्यापीठागणिक बदलतं. समन्वयकाला ऑक्टोबरातच विचारून घ्या.

नाताळची सुट्टी आधीच आखा. नोव्हेंबरअखेरपासून महिनाभर नाताळबाजार गजबजलेले असतात. न्युर्नबेर्गचा प्रसिद्ध आहे, ड्रेस्डेनचा तर १४३४पासून भरतो. मग २४ डिसेंबरला दुपारी दुकानं मिटतात, २५ आणि २६ला सुट्टी, आणि वसतिगृहाचा मजलाच्या मजला रिकामा होतो. जर्मन कुटुंबासाठी हा घरातला सण आहे. कुणी घरी बोलावलं तर संकोच न करता जा, सोबत छोटीशी भेट न्या. बोलावणं नसेल तर मागे राहिलेल्या इतर परदेशी विद्यार्थ्यांची मोट डिसेंबरच्या सुरुवातीलाच बांधा आणि २४ तारखेचं जेवण एकत्र ठरवा. प्रवासाचा बेत असेल तर जर्मनीच्या व्हिसावर शेंगेनमधल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत. जानेवारीचा पहिला आठवडा मात्र अभ्यासाला राखून ठेवा.

निघण्याची तयारी फेब्रुवारीत सुरू करा. खोली सोडण्याची सूचना करारात लिहिलेल्या मुदतीत लेखी द्या. मोबाइल आणि व्यायामशाळेचे करार आपोआप पुढे चालू राहतात, ते वेळेत रद्द करा. देश सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून पत्त्याची नोंद रद्द करता येते. त्याचा दाखला जपून ठेवा, विमा आणि रेडिओ-दूरदर्शन आकार बंद करायला तो उपयोगी पडतो. खोली ताब्यात घेताना आणि सोडताना भिंती, फरशी, स्वयंपाकघर यांचे फोटो काढा. अनामत परत यायला कित्येकदा काही आठवडे लागतात, म्हणून तिथलं बँक खातं तोवर बंद करू नका.

गुणपत्रक मार्चमध्ये हाती येईलच असं नाही, एप्रिलही उजाडतो. कॉलेजच्या परीक्षा विभागाला हे निघण्यापूर्वी मेलने कळवा आणि तिकडच्या समन्वयकाकडून 'विद्यार्थी अमुक तारखेपर्यंत येथे शिकत होता, निकाल यायचा आहे' असं पत्र घेऊन या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि परीक्षेचं स्वरूप सांगणारी माहितीपुस्तिकेतली पानंही उतरवून ठेवा, कारण परतल्यावर समकक्षतेच्या बैठकीत पहिल्यांदा तीच मागतात आणि विद्यापीठाचं तुमचं खातं तोवर बंद झालेलं असू शकतं.